विश्लेषण : पाळीव कासव उताणे पडले की जिवावर का बेतते? घरातली गुळगुळीत फरशी धोक्याची का ठरते?

कासव म्हणजे पाठीवर चिलखत घेऊन फिरणारा, सहसा कशानेही काही न होणारा प्राणी, असा सर्वसाधारण समज आहे. मात्र हेच चिलखत खाली आणि पोट वर झाले की त्याची अवस्था बिकट होते. मोकळ्या माळावर ते बहुतेक वेळा धडपड करून स्वतःच सुलटे होते. घरातल्या टाइल्सवर, काचेच्या पेटीत किंवा तापलेल्या गॅलरीत मात्र तीच धडपड वाया जाऊ शकते. कासव उलटते कशामुळे, उलटल्यावर त्याच्या शरीरात काय घडते, त्याची जागा कशी असावी आणि मुळात कोणते कासव पाळणे कायदेशीर आहे, याचा आढावा.

धोका नेमका कधी?

सकाळी घरातली मंडळी कामावर आणि मुले शाळेत जातात. पेटीतले कासव कोपऱ्यात भिंतीला पाय लावून वर चढू पाहते, तोल जातो आणि ते पाठीवर आपटते. घरात कोणी असेल तर दोन सेकंदांत उचलून सरळ करता येते. कोणी नसेल तर ते संध्याकाळपर्यंत तसेच राहते. कुत्रा भुंकतो, मांजर ओरडते. कासव मदतीसाठी आवाज देत नाही. म्हणून हा अपघात बऱ्याचदा उशिरा लक्षात येतो.

उताणे पडलेले कासव किती वेळ तग धरेल, याचे एकच उत्तर नाही. सुदृढ, मोठे कासव थंड सावलीत असेल तर काही तास निभावून नेऊ शकते. तेच कासव उन्हात किंवा उष्णतेच्या दिव्याखाली पडले असेल तर त्याच्याकडे फारच थोडा वेळ असतो. लहान पिले हलकी असल्याने वारंवार उलटतात आणि त्यांचे इवलेसे शरीर लवकर तापते, लवकर सुकते. त्यामुळे किती वेळ उलटे होते, याबरोबरच कुठे उलटे होते, हेही तितकेच महत्त्वाचे.

उताणे पडल्यावर शरीरात काय घडते?

कासवाची फुप्फुसे त्याच्या पाठीच्या कवचाला आतून लागून असतात. कासव चार पायांवर असते तेव्हा यकृत, जठर, आतडी हे सगळे अवयव फुप्फुसांच्या खाली असतात. ते उताणे झाले की चित्र पालटते आणि या अवयवांचा भार थेट फुप्फुसांवर येतो.

माणूस श्वास घेताना छाती फुगवतो. कासवाला ते शक्य नाही, कारण त्याच्या बरगड्या कवचाचाच भाग झालेल्या असतात. पायांच्या खोबणीजवळचे आणि पोटातले स्नायू आकुंचन-प्रसरण पावून फुप्फुसांत हवा खेळवतात. उताण्या अवस्थेत याच स्नायूंना वरचा भार उचलत काम करावे लागते. त्याच वेळी कासव सुटण्यासाठी पाय मारत असते, म्हणजे त्याला प्राणवायू जास्त लागतो आणि मिळतो मात्र कमी. नुकतेच पोटभर खाल्लेले कासव किंवा पोटात अंडी असलेली मादी असेल तर आतला दाब आणखी वाढतो. पोटातले अन्न किंवा पाणी उलटून श्वासनलिकेत जाण्याची भीतीही असते.

दुसरा धोका उष्णतेचा. कासव शीतरक्ताचे आहे. अंग तापले की सावलीत जायचे आणि गार झाले की उन्हात यायचे, एवढाच त्याच्या शरीराचे तापमान राखण्याचा मुख्य मार्ग. उताणे पडल्यावर तो मार्गच बंद होतो. जमिनीवर राहणाऱ्या कासवांच्या शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की जिवाला धोका निर्माण होतो. घाबरलेले कासव मूत्राशयातले पाणीही सोडून देते. कोरड्या प्रदेशातल्या जातींसाठी हा पाण्याचा साठाच असतो, तोही जातो.

तिसरा धोका शत्रूंचा. कासव अंगणात किंवा गच्चीवर असेल तर मऊ मान, पाय आणि शेपटीकडचा भाग उघडा पडतो. कावळे, घारी, भटकी कुत्री, घुशी आणि मुंग्यासुद्धा त्याला इजा करू शकतात.

निसर्गातले कासव सुलटे कसे होते?

उलटणे हा काही फक्त पाळीव कासवाचा प्रश्न नाही. जंगलातली कासवेही उतारावरून घसरतात, एकमेकांशी झुंजताना उलटी होतात. काही जातींच्या नरांमध्ये तर प्रतिस्पर्ध्याला उताणे पाडणे हाच झुंजीचा डाव असतो. मादागास्करमधल्या अँगोनोका कासवाच्या नराला गळ्याखाली नांगराच्या फाळासारखा पुढे आलेला कवचाचा भाग असतो. तो समोरच्याच्या कवचाखाली घालून त्याला उलथवले जाते. साहजिकच सुलटे होण्याची सोयही निसर्गाने केली आहे.

चपट्या कवचाची, विशेषतः पाण्यातली कासवे लांब मान मागे वळवून डोके जमिनीत रोवतात आणि मानेचा तरफेसारखा वापर करून पलटी मारतात. उंच, घुमटाकार कवचाच्या जमिनीवरच्या कासवांची मान आणि पाय आखूड असतात. ती कवचाच्या आकाराचा फायदा घेतात. गोल घुमटावर ती मुळात स्थिर राहत नाहीत. पाय हलवून डोलायला लागली की एका कुशीवर येतात आणि थोडा आधार मिळाला की सुलटी होतात.

यामागचे गणित हंगेरीचे संशोधक गाबोर दोमोकोश आणि पेतेर वार्कोनी यांनी उलगडले. कसेही ठेवले तरी स्वतःहून एकाच बाजूवर येऊन स्थिरावणारी, आतून सर्वत्र सारख्या घनतेची आणि कुठेही खोलगट नसलेली वस्तू असू शकते, असा अंदाज रशियन गणितज्ञ व्लादिमीर अर्नोल्द यांनी १९९५ मध्ये मांडला होता. या दोघांनी २००६ मध्ये तशी वस्तू प्रत्यक्ष घडवली. तिला ‘गोम्बोत्स’ म्हणतात. त्यानंतर त्यांनी वेगवेगळ्या कासवांच्या कवचांची मोजमापे घेतली. गोम्बोत्सच्या आकाराशी विलक्षण साम्य असलेल्या कवचांमध्ये आपल्याकडच्या स्टार कासवाचे, म्हणजेच तारा कासवाचे कवच होते.

मात्र सगळ्याच कासवांचे नशीब इतके चांगले नाही. गालापागोस बेटांवरच्या महाकाय कासवांत दोन प्रकारची कवचे आढळतात. एक गोल घुमटाकार आणि दुसरे पुढच्या बाजूने खोगिरासारखे उचललेले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोगिरासारखे कवच असलेल्यांना सुलटे होण्यासाठी जास्त शक्ती खर्च करावी लागते, असे दिसून आले. त्यांची मान मात्र लांब असते. म्हणजे कवच, मान, पाय आणि वजन या सगळ्यांचा मेळ बसला तर कासव सुलटे होते. आणि त्या मेळात आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे खडबडीत जमीन.

मग घरातच ते का अडकते?

माळावर दगड, गवताचे झुबके, मुळे, खाचखळगे असतात. कुशीवर आलेल्या कासवाचा पाय कशाला तरी अडकतो आणि उरलेले काम कवच करते. घरातल्या व्हिट्रिफाइड टाइल्सवर पायाच्या नखांना धरायला काहीच नसते. कासव जागच्या जागी भोवऱ्यासारखे फिरत राहते आणि दमते. पेटीत पसरलेले वर्तमानपत्र, प्लास्टिकचा टब, काचेचा तळ या सगळ्यांची हीच गत.

दुसरी अडचण कोपऱ्याची. उताणे पडताना कवच भिंत आणि एखादी वस्तू यांच्यात अडकले तर कासवाला डोलायलाही जागा उरत नाही. घुमटाकार कवचाचा सगळा फायदा तिथे संपतो.

तिसरी गोष्ट कासवाच्या तब्येतीची. घरात वाढलेल्या अनेक कासवांना पुरेसे ऊन आणि योग्य खाणे मिळत नाही. त्यांचे स्नायू अशक्त असतात, कवचावर उंचवटे येऊन त्याचा आकार बिघडलेला असतो. जे कासव एरवी सहज सुलटे झाले असते, ते हार मानते. थोडक्यात, उलटणे हा अपघात असला, तरी त्यातून मृत्यू ओढवतो तो बहुतेक वेळा आपण दिलेल्या जागेमुळे. आणि जागा बदलणे आपल्या हातात असते.

उलटण्याची नेहमीची कारणे कोणती?

पहिले कारण म्हणजे चढणे. कासव संथ असले तरी चिकाटीचे असते. काचेच्या पेटीत त्याला पलीकडचे दिसते, पण मधली काच कळत नाही. ते तासन् तास काचेला पाय लावून उभे राहू पाहते. कोपऱ्यात दोन्ही भिंतींचा आधार मिळाल्याने ते आणखी उंच जाते आणि मागे कोसळते.

दुसरे कारण चुकीच्या उंचीच्या वस्तू. फार उंच वस्तूवर कासव चढू शकत नाही, फार बुटकी असेल तर सहज ओलांडते. साधारण त्याच्या कवचाच्या उंचीएवढी वीट, कुंडी, दगड किंवा उंबरा सर्वांत धोक्याचा. पुढचे पाय वर पोहोचतात, मागचे पोहोचत नाहीत आणि तोल मागे जातो.

तिसरे कारण सोबत. एकट्याला कंटाळा येईल म्हणून दोन कासवे आणली जातात. जमिनीवरच्या बहुतेक कासवांना सोबतीची गरज नसते. दोन नर एकमेकांना धडका देतात, नर मादीचा पाठलाग करतो, समागमाच्या वेळी नर पाठीवरून मागे पडतो. लहान आणि मोठे कासव एकत्र ठेवले तर लहान हमखास उलटते.

चौथे कारण माणसे आणि इतर प्राणी. मुले खेळण्यासाठी कासवाला मुद्दाम उलटे करून धडपड पाहतात, कुत्रा पंजाने ढकलतो. पलंगावर किंवा टेबलावर ठेवलेले कासव कडेवर थांबत नाही, सरळ पुढे चालत जाते. या सगळ्यावर उपाय एकच. कासव जमिनीवरच राहील आणि मोठ्यांच्या नजरेखालीच हाताळले जाईल, हे पाहणे.

सुरक्षित जागा कशी तयार करावी?

सुरुवात तळापासून करावी. स्वच्छ माती आणि थोडी वाळू यांचे मिश्रण किंवा त्यात नारळाच्या काथ्याचा भुसा घालून चार-पाच इंचांचा थर द्यावा आणि तो हाताने दाबून घ्यावा. नुसती भुसभुशीत कोरडी वाळू नको. तिच्यात पाय रुततात आणि पकड मिळत नाही. फरशीवर मोकळे सोडायचे असेल तर जाड, खरखरीत पायपुसणे किंवा कृत्रिम हिरवळीचा तुकडा अंथरता येतो. त्याचे धागे निघत नाहीत ना, हे मात्र पाहावे, कारण कासव ते खाते.

मग आधाराचे दगड. मातीत अर्धे पुरलेले, रुंद, चपटे दगड मधूनमधून ठेवावेत. ते इतके बुटके असावेत की कासवाने चालता चालता ओलांडावेत, आणि इतके घट्ट असावेत की उताण्या कासवाने पायाने रेटा दिला तर हलू नयेत. असे दगड टोकदार नसावेत आणि एकावर एक रचू नयेत. मेथी-कोथिंबिरीसारखी खाण्याजोगी झाडे किंवा गवताचे झुबके लावले तर तोही आधार होतो.

कोपरे गोल करावेत. एखादी वाकवलेली फळी किंवा पत्रा लावून, अथवा कोपऱ्यात मातीचा उतार करून हे जमते. पेटी काचेची असेल तर खालच्या भागाला बाहेरून कागद चिकटवावा. पलीकडचे दिसले नाही की चढण्याचा हट्ट बराच कमी होतो. भिंतींची उंची कासवाच्या लांबीच्या दुपटीहून जास्त असलेली बरी.

लपण्याची जागा, खाण्याची ताटली, पाण्याचे भांडे अशा वस्तू भिंतीला अगदी चिकटून तरी ठेवाव्यात किंवा मध्ये कासव सहज फिरू शकेल एवढी जागा सोडावी. कासवाच्या रुंदीएवढी फट हा सापळाच असतो. पायऱ्या टाळाव्यात आणि चढाव हवाच असेल तर सौम्य उतार द्यावा.

दिवा आणि ऊन यांचे काय?

थंड प्रदेशात किंवा घरात ठेवलेल्या कासवाला उष्णतेचा दिवा आणि अतिनील किरणांचा दिवा दोन्ही लागतात. दिव्याखालच्या जागेचे तापमान साधारण ३२ ते ३५ अंश ठेवले जाते. सरळ उभे असलेले कासव तिथे हवा तेवढा वेळ बसते आणि निघून जाते. तिथेच ते उताणे पडले तर पोटाकडचा भाग दिव्यासमोर येतो आणि त्याला हलता येत नाही. म्हणून दिव्याखालची जागा सर्वांत सपाट असावी. तिथे दगड, विटा, कोपरा, खाण्याची ताटली काहीही नको. दिवा साखळीने पक्का टांगावा, त्याला तापमान नियंत्रक जोडावा आणि पेटी इतकी मोठी असावी की दुसऱ्या टोकाला गारवा राहील.

आपल्याकडे हाच प्रश्न उन्हाचा आहे. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. मुंबई-पुण्यातही पश्चिमेच्या गॅलरीतली फरशी दुपारी पाय ठेवू देत नाही. कोवळे ऊन कासवासाठी चांगलेच, पण गॅलरीत किंवा गच्चीवर कायम सावली असलेला भाग हवा आणि कासव एकटे सोडू नये. ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून आत गेलेला माणूस फोनवर अडकतो आणि अर्धा तास निघून जातो.

पाणी किती असावे?

इथे जमिनीवरचे आणि पाण्यातले कासव यांत उलटा नियम आहे. जमिनीवरच्या कासवाला पोहता येत नाही. त्याच्या पाण्याचे भांडे पसरट, खरखरीत तळाचे आणि इतके उथळ असावे की पाणी पोटाच्या कवचाच्या कडेपर्यंतच पोहोचेल. उताणे पडले तरी डोके पाण्याबाहेर राहायला हवे. खोलगट, गुळगुळीत काठाचे भांडे पिलांसाठी जीवघेणे ठरू शकते.

पाण्यातल्या कासवाला, उदाहरणार्थ बाजारात मिळणाऱ्या लाल कानाच्या स्लायडरला, याउलट पुरेसे खोल पाणी लागते. पाण्याची खोली किमान त्याच्या कवचाच्या लांबीएवढी हवी, म्हणजे ते उलटले तरी पाण्यात गिरकी घेऊन सरळ होते. दोन बोटे पाण्याच्या टबात ते उलटले तर ना पोहता येते, ना जमिनीचा आधार मिळतो. अंग शेकायला पाण्याबाहेर आलेला चढावही खरखरीत असावा आणि त्याच्या खाली अडकण्यासारखी फट नसावी.

कासव उताणे दिसले तर काय करावे?

घाईने झटका देऊन पलटवू नये. दोन्ही हातांनी कवचाच्या दोन बाजू धरून, हळूहळू कुशीवरून सरळ करावे. डोक्यावरून कोलांटी देऊ नये. लगेच सावलीत, हवेशीर जागी ठेवावे.

अंग तापलेले वाटले तर ते हळूहळू उतरू द्यावे. बर्फ किंवा फ्रिजचे पाणी वापरू नये. श्वास नीट चालू झाला आणि कासव डोके उचलू लागले की कोमट, उथळ पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवावे. तोवर आणि त्यानंतरही शेजारून हलू नये. तोंड उघडून पाणी पाजू नये आणि लगेच खायलाही देऊ नये.

पुढची लक्षणे दिसली तर वाट न पाहता पशुवैद्यकाकडे न्यावे. तोंड उघडे ठेवून मान ताणत श्वास घेणे, नाकातून फेस किंवा बुडबुडे, पाय लुळे पडणे, डोळे न उघडणे, कवचाला तडा किंवा रक्त. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्यक सगळीकडे नसतात. त्यामुळे आपल्या शहरातला असा डॉक्टर कोण, हे वेळ येण्यापूर्वीच शोधून नंबर मोबाइलमध्ये ठेवावा. कासव वरकरणी ठीक वाटले तरी दोन-तीन दिवस त्याच्या खाण्यावर, चालण्यावर आणि श्वासावर लक्ष ठेवावे.

हाताळल्यानंतर साबणाने हात धुवावेत. कासवाच्या अंगावर साल्मोनेला हे जिवाणू असू शकतात आणि लहान मुलांना त्यांचा त्रास जास्त होतो. याच कारणासाठी अमेरिकेत चार इंचांपेक्षा लहान कवचाची कासवे पाळण्यासाठी विकण्यास १९७५ पासून बंदी आहे.

वारंवार उलटत असेल तर?

पिले धडपडी असतात, एखाद-दुसऱ्या वेळी मोठे कासवही पडते. मात्र सपाट जागेवरही कासव पुन्हा पुन्हा उलटत असेल किंवा पूर्वी सहज सुलटे होणारे आता होत नसेल, तर ते आजाराचे लक्षण मानावे. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या अभावी हाडे मऊ पडतात, पायांत जोर राहत नाही. कवच दाबून मऊ लागते किंवा वेडेवाकडे वाढते. अति खाण्याने वजन वाढलेले कासवही अवघडते. महिन्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून लिहून ठेवले तर बदल लवकर कळतो. त्याची सुलटे होण्याची क्षमता तपासण्यासाठी मुद्दाम उताणे करून पाहणे मात्र कधीही करू नये.

भारतात कासव पाळता येते का?

हा प्रश्न आधी विचारायला हवा. ज्या स्टार कासवाच्या कवचाचे जगभर कौतुक होते, तेच भारतात पाळणे गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. त्यानुसार स्टार कासव पहिल्या अनुसूचीत आहे. ते पकडणे, विकणे किंवा बाळगणे यासाठी तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. २०१९ मध्ये वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या पहिल्या परिशिष्टातही त्याचा समावेश झाला. ‘घरात कासव असले की भरभराट होते’ या समजुतीपायी ते विकत घेणाऱ्याच्या हे गावीही नसते.

परदेशी जातींचे काय? जमिनीवरच्या कासवांच्या सगळ्या जाती ‘साइट्स’च्या परिशिष्टांत आहेत. आफ्रिकेतले सुलकाटा कासवही त्यात येते. अशी कासवे बाळगणाऱ्यांना नोंदणी बंधनकारक आहे आणि त्यासाठीचे नियम २०२४ मध्ये अधिसूचित झाले. नोंदणी केंद्राच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावरून करावी लागते. विकत घेण्यापूर्वी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. तळहातावर मावणारे सुलकाटाचे पिल्लू पुढे ४०-५० किलोंचे होऊ शकते आणि अनेक दशके जगते. ते उलटले तर घरातल्या एकट्या ज्येष्ठ माणसाला उचलता येईल का, याचाही विचार व्हावा.

घरात स्टार कासव आधीच असेल किंवा रस्त्यात कासव सापडले तर महाराष्ट्रात वन विभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर कळवावे. ते परस्पर कुठल्याही टेकडीवर किंवा तळ्यात सोडू नये. नको झालेले लाल कानाचे स्लायडर तलावात सोडणे तर देशी कासवांच्या मुळावर येते, कारण ही परदेशी जात अन्न आणि जागा दोन्ही बळकावते.

परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनीही तिथले नियम पाहावेत. ब्रिटनमध्ये भूमध्य प्रदेशातली हर्मन्स किंवा मांडीवर काटा असलेली कासवे रीतसर पाळता येतात, पण विक्रीसाठी प्रमाणपत्र लागते. कॅलिफोर्नियात वाळवंटी कासव ठेवायला परवाना लागतो.

रोज एवढे तरी करावे...

घरातून निघताना आणि परतल्यावर कासव कुठे आहे, कोणत्या स्थितीत आहे हे डोळ्यांनी पाहावे. दिवसभर घर बंद राहत असेल तर दिव्याच्या जागेकडे रोखलेला साधा वाय-फाय कॅमेरा उपयोगी पडतो. दुपारी मोबाइलवर एकदा पाहिले तरी पुरे. मात्र कासव उलटल्याचे दिसले तर घरी जाऊन सरळ करणारे कोणी तरी हवे. शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवली असेल तरच कॅमेऱ्याचा उपयोग. गावाला जाताना कासव सांभाळणाऱ्याला खाण्यापिण्याबरोबरच उलटल्यावर काय करायचे, हेही सांगून ठेवावे.

कासवी आपल्या पिलांना नुसत्या नजरेने वाढवते, ही कल्पना मराठी संतसाहित्यात जुनी आहे. प्रत्यक्षात मादी अंडी मातीत पुरून निघून जाते आणि पिले आपली आपण वाढतात. पण पेटीत, गॅलरीत, चार भिंतींत आणलेल्या कासवाला ती मोकळीक उरत नाही. त्याच्यासाठी खडबडीत जमीन आणि दिवसातून दोन-तीनदा पडणारी माणसाची नजर, याच दोन गोष्टी जीव वाचवणाऱ्या ठरतात.